अक्कांच्या पोटातली वस्ती

केडगाव, अहिल्यानगर
८ जून २०२५

अक्का,

वर 'तीर्थरूप' लिहून खोडलंय, ते दिसेलच तुम्हाला. सहा वर्षांत एकदाही विचारपूस न करणाऱ्या धाकट्या जावेनं एकदम तीर्थरूप म्हणावं, हे माझं मलाच खोटं वाटलं. तेव्हा नुसतंच अक्का.

फोन का केला नाही म्हणाल. केला होता, दोनदा. दोन्ही वेळा तुमच्या रविराजनं उचलला आणि मी 'राँग नंबर' म्हणून ठेवून दिला. पोरगा काय चुलतीचा आवाज ओळखणार नाही! शिवाय फोनवर मी तोंड उघडलं की माझ्यातली मास्तरीण आधी बोलायला लागते, आणि आज मला तुमच्याकडे काहीतरी मागायचंय. मागताना ती बाई कामाची नाही.

आधी संस्कृतीचं सांगते. तिला विसावं लागलं. तिच्या आजाराचं नाव अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याला आतून जखमा होतात, रक्त पडतं, दिवसातून बारा-बारा वेळा जावं लागतं. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं, कारण भर वर्गातून पोरगी उठणार तरी किती वेळा? वजन अडतीस किलोवर आलंय. गेली दोन वर्षं ती घराबाहेर पडलेली नाही म्हटलं तरी चालेल. गोळ्या झाल्या, तोंड सुजवणारी स्टिरॉइडं झाली, एक भारी इंजेक्शन आठ महिने लागू पडलं आणि मग तेही थकलं. पुण्याच्या डॉक्टर आता म्हणतात, मोठं आतडं काढावं लागेल आणि पोटाला पिशवी लावावी लागेल. विसाव्या वर्षी, अक्का.

त्याआधी एकच गोष्ट करून बघण्यासारखी आहे, असं त्या म्हणाल्या. डॉ. दीपा त्यांचं नाव. मोठ्या शांत बाई आहेत, माझ्यासारखीला दहा वेळा तेच समजावून सांगतात. आपल्या आतड्यात म्हणे जिवाणूंची एक सबंध वस्ती असते आणि त्यातले पुष्कळसे आपल्या भल्याचे असतात. आपल्याला न पचणारा कोंडा, साली, चोथा ते खातात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचं एक आम्ल तयार करतात. आतड्याच्या अस्तराचं पोट त्याच्यावर भरतं. शरीराचे पहारेकरी उगाच चवताळू नयेत, हेही काम त्यांचंच. संस्कृतीच्या पोटातले हे भले जिवाणू जवळजवळ संपलेत. निरोगी माणसाच्या पोटातले आणून तिच्या आतड्यात सोडायचे, असा तो उपचार. अजून त्याचा अभ्यास चालू आहे, तिघांत एखाद्यालाच पुरता गुण येतो, हेही त्यांनी लपवलं नाही.

तो निरोगी माणूस सापडेना, तिथं आमचं घोडं अडलं. गेल्या सहा महिन्यांत अँटिबायोटिक घेतलेला नको, शुगर नको, ॲसिडिटीच्या गोळ्या खाणारा नको. त्यातून मुलीच्या रक्ताचा नको, कारण या आजाराचा ओढा घराण्यात असू शकतो. म्हणजे मी बाद, हे बाद, भावजी आणि रविराजही बाद. आम्ही सात जण तपासायला नेले. शेजारच्या लंकाबाईंचा जिममध्ये जाणारा मुलगासुद्धा नापास झाला. शेवटी डॉक्टर म्हणाल्या, "तुमच्या घराण्यात लग्न करून आलेलं दुसरं कुणी नाही का?" ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघत बसले.

मी काय केलं होतं, ते तुम्ही विसरला नसाल. तरी मी लिहिते, म्हणजे मी विसरले नाही हे तुम्हाला कळेल. सहा वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत संस्कृती तुमच्याकडे राहून आली आणि जूनमध्ये तिला रक्त पडायला लागलं. मी निकाल लावून मोकळी झाले. डिसेंबरात रविराजच्या साखरपुड्याला भर पंगतीत पोरीला पानावरून उठवलं आणि सगळ्या सोयऱ्यांदेखत म्हणाले, "इथलंच खाऊन माझी पोर आजारी पडली." तुम्ही वाढत होतात. पातेलं खाली ठेवून एवढंच म्हणालात, "पोरीला उपाशी न्हेऊ नको. डबा बांदून देते." तो डबाही मी घेतला नाही.

आता मागते. अक्का, मला संस्कृतीसाठी तुमचा मल हवाय. पुस्तकातला शब्द वापरला, दुसरा लिहायला हात धजत नाही. पुण्याला यावं लागेल, तपासण्या होतील, आणि सगळं जुळलं तर सहा महिन्यांत सात वेळा यावं लागेल. नाही म्हणालात तर तो तुमचा हक्क आहे.

सत्यशीला


केडगाव
२५ जून २०२५

अक्का,

तपासणीच्या दिवशी पुण्याच्या दवाखान्यात आपण चार तास एका बाकावर बसलो. त्या चार तासांत आपलं बोलणं काय झालं? "चहा घेता?" "नको." संपलं. म्हणून पुन्हा कागद घेतला.

माझं पत्र पोचल्यावर रविराजनं फोन केला तेव्हा पहिलं वाक्य काय म्हणाला, ते तुम्हाला त्यानं सांगितलं नसेल. "काकू, ह्यो राँग नंबर तर न्हाई ना?" मग तुम्ही फोन घेतलात. मी रात्रभर तयार केलेलं भाषण सुरू करणार, तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "एवडंच व्हय? मला वाटलं किडनी मागती का काय." अक्का, मी फोन ठेवून स्वयंपाकघरात जाऊन रडले. कुकरच्या शिट्ट्या होत होत्या म्हणून कुणाला ऐकू गेलं नाही.

निकाल आलाय. रक्ताचे सगळे रिपोर्ट चांगले. मलाचे तर असे की डॉक्टरांनी तो कागद दोनदा वाचला. जिवाणूंचे इतके प्रकार एका पोटात त्यांनी क्वचितच बघितलेत. अस्तराला पोसणारे जे भले जिवाणू संस्कृतीकडे औषधालाही उरले नाहीत, ते तुमच्याकडे भरपूर निघाले. त्यांनी तुम्हाला विचारलं होतं ना, रोज काय खाता? तुम्ही म्हणालात, "नागलीची भाकर, हुलगं, वाल, ताक, आन् बांदाला जे उगवंल ते." त्या लिहून घेत होत्या आणि तुम्ही मधेच म्हणालात, "येवडं लिवायला काय हाय त्यात, उपाशी ऱ्हात न्हाई आमी." हसू आवरायला मला पदर तोंडावर धरावा लागला.

खेड्यातलं पोट म्हणजे आपोआप चांगलं, असं काही नाही हं. खेड्यातल्या दोघांना त्यांनी जंत निघाले म्हणून परत पाठवलंय. हे मी मुद्दाम विचारून घेतलं. पण तुमच्या पोटावर त्या खूश आहेत, आणि इतक्या वर्षांत मी तुमच्याबद्दल एकही चांगला शब्द काढला नव्हता, तो एका अनोळखी बाईनं काढला याची मला लाज वाटली.

पहिली वेळ सोमवारी, ७ जुलैला. आदल्या दिवशी केडगावला मुक्कामाला या. अँटिबायोटिक कसलंही घ्यायचं झालं तर आधी डॉक्टरांना सांगायचं, एवढी एकच अट. आणखी एक. इथं शेजारी मी सांगितलंय की तुम्ही संस्कृतीला रक्त द्यायला येताय. कुणी विचारलं तर तेच सांगा, म्हणजे बरं.

सत्यशीला


केडगाव
२३ जुलै २०२५

अक्का,

तुम्ही काल सकाळच्या गाडीनं गेलात आणि घर ओकंबोकं झालं. संस्कृती विचारतेय, मोठी आई अजून दोन दिवस का नाही राहिली? मी म्हटलं, भाताची लावणी कोण करणार? खरं म्हणजे मी तुम्हाला नीट आग्रहच केला नाही. सवय गेलीये.

७ तारखेचं तुम्हाला तुमच्या बाजूनं ठाऊक आहे, आता माझ्या बाजूनं ऐका. पहाटेच आपण केडगावहून निघालो. दवाखान्यात संस्कृतीला तयार करून आत निजवलेलं. सिस्टरनं तुमच्या हातात डबा दिला आणि तुम्ही आत गेलात. दहा मिनिटं झाली, वीस झाली. तुम्ही बाहेर आलात आणि रिकामा डबा माझ्यापुढे धरून म्हणालात, "न्हाई व्हनार आता. समदं झालं."

"झालं म्हणजे?"

"रातीच एरंडेल घिऊन निजले हुते. पाटंला झालं की मोकळं."

मला वाटलं, माझं डोकं फुटेल. सबंध कॉरिडॉरमध्ये ऐकू जाईल अशी ओरडले, "अहो अक्का, तेच तर हवं होतं!" बाकावरची माणसं वळून बघायला लागली. आणि तुम्ही अगदी शांतपणे, मलाच अक्कल शिकवल्यासारख्या: "पोरीच्या कामाला यायचं तर घान घिऊन यिऊ व्हय? सवाशीन जेवाया येनार आसली तर आपन घर झाडतो का न्हाई? तसं पोट झाडून आले."

डॉ. दीपा बाहेर आल्या, त्यांना मी सांगितलं, आणि त्या भिंतीला टेकून इतक्या हसल्या की चष्मा काढावा लागला. पण मला आठवतंय ते वेगळंच. आत निजलेल्या संस्कृतीला कुणीतरी सांगितलं आणि पडद्यामागून तिचं खदखदून हसणं ऐकू आलं. दीड वर्षानं ऐकलं मी ते. एरंडेलाची ती बाटली मी जपून ठेवलीये, तुम्हाला परत मिळणार नाही.

चूक माझी होती, अक्का. लाजेपायी मी तुम्हाला धड सांगितलंच नव्हतं की तिथं नेमकं काय करतात. 'मल', 'उपचार', 'प्रक्रिया' असले शब्द फेकले आणि सुटले. देवाच्या कामाला जाताना जसं शुचिर्भूत होऊन जावं, तशा तुम्ही माझ्या पोरीसाठी आलात. त्यावर मी ओरडले. पंधरा दिवस वाट बघावी लागली, पण परवाच्या सोमवारी सगळं नीट पार पडलं. सलाइनच्या पाण्यात कालवलं, गाळलं आणि दुर्बिणीच्या नळीतून आत सोडलं, अर्ध्या तासात मोकळे. ज्याला सगळे नाक मुरडतात त्याला ते लोक किती जपून हाताळत होते! मी हात जोडून उभी होते, कुणाला ते माझं मलाच कळत नव्हतं.

आणि रक्ताचं. केडगावच्या स्टॉपवर लंकाबाईंनी तुम्हाला विचारलं, "रक्त द्यायला आलात का?" तुम्ही म्हणालात, "रगात कशाला? परसाकडचं द्यायला आले. त्यात लई वस्ती आसती म्हनं चांगल्या जीवांची." आता सगळ्या कॉलनीला ठाऊक झालंय. मला दोन दिवस तोंड लपवावंसं वाटलं. तिसऱ्या दिवशी समोरच्या बाईंनी मला थांबवून विचारलं, त्यांच्या भाच्याला तोच आजार आहे, पुण्याच्या डॉक्टरांचा पत्ता द्याल का? चार वर्षं त्याही लपवत होत्या.

दुसरी वेळ ४ ऑगस्टला. एरंडेल नको.

सत्यशीला


केडगाव
५ ऑक्टोबर २०२५

अक्का,

आधी चांगलं. दिवसातून तीन वेळा, कधी दोनच. ऑगस्टच्या अखेरीपासून रक्त नाही. वजन चव्वेचाळीस. मध्यंतरी तपासणी झाली, त्यात तुमच्याकडचे ते भले जिवाणू तिच्या पोटात सापडले. डॉक्टर म्हणाल्या, नुसते आले नाहीत, नांदायला लागलेत. नळीतून आतले फोटो काढलेत. पूर्वी सोललेल्या गुडघ्यासारखं दिसणारं आतडं आता गुलाबी दिसतंय. ते शाळेत नेऊन बरोबरच्या बाईंना दाखवले मी, डबा खायच्या सुट्टीत. त्यांचं जेवण गेलं, पण माझा नाइलाज होता.

हे जीव डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांना नाव-गाव नाही. तुम्ही टाकलेला भाकरीचा कोंडा खाऊन ते तुमचं आतडं सांभाळतात, आणि आता परक्या पोटात जाऊन माझ्या पोरीचं सांभाळतायत. वीस वर्षं मी चौथीच्या मुलांना 'जंतू आपले शत्रू' हा तक्ता शिकवला. दात विचकणारे हिरवे जंतू मीच रंगवलेत. आता शिकवताना अडखळते आणि म्हणते, सगळे नाही रे बाळांनो. हात मात्र धुवा.

आता जे लिहायला बसले ते. ह्या वेळी तुम्ही आलात तेव्हा मी गच्चीवर कपडे काढत होते आणि खाली तुम्ही लंकाबाईंशी बोलत होतात. तुम्ही म्हणालात, "माज्या घरचं खाऊन पोर आजारी पडली हुती. मंग बरी बी मीच कराया पायजे ना?"

मी कपडे घेऊन तशीच उभी राहिले. म्हणजे पावसापाण्याचं भंडारदऱ्याच्या डोंगरातून सहा-सहा तास एसटी बदलत तुम्ही येताय ते प्रायश्चित्त म्हणून! सहा वर्षं ते ओझं वाहताय, आणि मी दिलेलं. मी खाली आले, तुम्हाला चहा दिला आणि तेव्हाही काही बोलले नाही. तर ऐका.

आजार कळला त्या पहिल्याच महिन्यात नगरच्या डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, हा कुणाच्या हातचं खाऊन होणारा आजार नाही. जूनची गोष्ट ही. साखरपुडा डिसेंबरात झाला. म्हणजे पंगतीतून पोरीला उठवलं तेव्हा मला माहीत होतं, अक्का. माहीत असून बोलले. कुणाच्या तरी माथी मारल्याशिवाय मला सोसत नव्हतं, आणि तुम्ही उलटून बोलणार नाही याची खात्री होती.

दुसरं तर मी ह्यांनाही सांगितलेलं नाही. संस्कृती लहान असताना तिला जरा खोकला आला, नाक वाहिलं, की मी मेडिकलमधून अँटिबायोटिकचं औषध आणून पाजत असे. डॉक्टरांना न विचारता. वर्षातून पाच-सहा वेळा तरी. माझी पोर शाळा बुडवत नाही याची मला ऐट होती. मी डॉ. दीपांना विचारलं, त्यानं झालं असेल का? त्या म्हणाल्या, अँटिबायोटिकनं पोटातले भले जिवाणूही मरतात, आणि लहानपणी ते फार झालेल्या मुलांत हा आजार थोडा जास्त दिसतो, पण तुमच्या मुलीला त्यानंच झाला असं कुणीच सांगू शकणार नाही. त्यांनी माझी समजूत घातली. माझी काही पटली नाही.

तेव्हा तुमच्याकडे फेडण्यासारखं काही नव्हतंच कधी. आता हे कळल्यावर तुम्ही पुढच्या वेळी आला नाहीत, तर मी तोंड वर करून विचारणार नाही. पण पाच मिनिटंसुद्धा आता हे तुमच्यापासून लपवून ठेवणं मला जमेना.

तुमची
सत्यशीला


केडगाव
१६ नोव्हेंबर २०२५, सकाळी पावणेसहा

अक्का,

हे पत्र संस्कृतीनं तुमच्या हातात दिलंय. ती एकटी आलीये. केडगावहून नगर, नगरहून संगमनेर, तिथून अकोले, राजूर. एसटीनं. रविराज राजूरच्या स्टँडवर गाडी घेऊन येणार आहे. मी जाते म्हटलं तर म्हणाली, "आई, तुझं ती ऐकणार नाही. तू फार बोलतेस." आता पोळी-भाजी बांधून घेतेय, तेवढ्या वेळात मी लिहितेय. अक्षर नेहमीसारखं येणार नाही.

रविराजनं काल संध्याकाळी फोन करून सगळं सांगितलं. भात कापताना विळा पायाला लागला. तुम्ही हळद दाबून काम चालूच ठेवलं. पाय पोटरीपर्यंत सुजला, ताप आला, तेव्हा शुक्रवारी पोरानं राजूरच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी अँटिबायोटिक लिहून दिलं आणि बजावलं की दोन दिवसांत उतार पडला नाही तर ॲडमिट. तुम्ही हो म्हणालात. आणि गोळ्यांची पाकिटं तांदळाच्या कणगीत खुपसून ठेवलीत, एकही न फोडता. सुनेनं तांदूळ काढताना ती निघाली.

मी फोन केला तर तुम्ही काय म्हणालात? "पाय बरा हाय. पोरीचं दोनदा ऱ्हायलंय, ते हुंदे, मंग घेते." आणि वर, "तूच लिवलंतंस ना, त्या गोळ्यांनी चांगलं जीव मरत्यात म्हनून." आणि फोन ठेवलात.

अक्का, माझं ते पत्र वाचून तुम्ही त्या गोळ्यांना विष समजलात का? खोकल्याला, सर्दीला मी त्या उगाच पाजल्या, ती माझी चूक. पण जखमेत विषारी जंतू शिरलाय, ताप चढलाय, तिथं त्याच गोळ्या जीव वाचवतात. दोन्ही खरं आहे. मी अर्धंच लिहिलं आणि तुम्ही तेवढंच धरून बसलात. गेल्या महिन्यात आलात तेव्हा मी इतकी घाबरून होते, तुम्ही पत्राबद्दल काय बोलाल म्हणून. तुम्ही म्हणालात, "पत्र मिळालं. लई बारीक अक्षर काढती तू." बस्स. आणि डबा घेऊन आत गेलात. तेव्हा मला कळलं की तुम्ही प्रायश्चित्त म्हणून येत नव्हतात. पोरगी तुमची आहे म्हणून येत होतात. माझ्या त्या सगळ्या कबुलीची तुम्हाला गरजच नव्हती, गरज होती ती मला.

काल डॉ. दीपांशी बोलले. तुमच्या पायाचं ऐकून त्या पहिल्यांदाच माझ्यावर चिडल्या, एवढा वेळ का घालवलात म्हणून. गोळ्या आजच सुरू करायच्या, ठरलेले सगळे दिवस पुऱ्या घ्यायच्या. हो, तुमच्या पोटातले पुष्कळ भले जिवाणू त्यात जातील. त्यानंतर सहा महिने तुम्हाला देता येणार नाही. २४ तारखेची वेळ गेली, डिसेंबरची गेली. संस्कृतीला झालं तेवढं पुरेल का, मी विचारलं. त्या म्हणाल्या, पुरेल असं वाटतंय, पण लिहून देता येणार नाही. आजार उलटूही शकतो. उलटला तर पुन्हा औषधं, आणि तीही चालली नाहीत तर ऑपरेशन. हे मी काल संस्कृतीला जसंच्या तसं सांगितलं. काही लपवलं नाही. ती उठली, कपाटातून पिशवी काढली आणि म्हणाली, पहिली गाडी किती वाजता आहे?

दोन वर्षांत ही पोरगी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेली नव्हती. आज ती सहा तास गाड्या बदलत तुमच्यापर्यंत पोचली, हे तुम्ही केलंत. मी तिची आई, मला ते जमलं नाही. तुमच्या पोटातल्या त्या कोट्यवधी मुक्या जीवांना जमलं आणि तुम्हाला जमलं. मी आयुष्यात पुष्कळ लोकांना नमस्कार केले, बहुतेक रीत म्हणून. तुमच्या पायांवर मात्र मला डोकं ठेवायचंय, आणि त्यासाठी ते दोन्ही पाय जागेवर हवेत.

गाडीची वेळ झाली, संस्कृती दारात उभी आहे. ऑपरेशन झालं तर झालं, तिला मी सांभाळीन. तुमच्याकडे आता आम्हाला द्यायला काहीही उरलं नाही तरी मला तुम्ही हव्या आहात, अक्का. गोळी घ्या.

तुमची धाकटी जाऊ,
सत्यशीला